वाचकांचे प्रश्न : चालता चालता बंद पडणारी जुनी गाडी

प्रश्न : आमच्याकडे १९९७ सालची, कार्ब्युरेटरची, ८०० सीसी वर्गातली पेट्रोल मोटार आहे. पंधरा वर्षांनंतरचे नोंदणीचे नूतनीकरण वेळच्या वेळी केलेले आहे आणि सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून गाडीची बरीचशी निगा मी स्वतःच राखतो. गेल्या उन्हाळ्यापासून ती अधूनमधून बंद पडते. सकाळी निघताना कधीच नाही. अर्धा-पाऊण तास चालल्यानंतर, कधी द्वारकेच्या सिग्नलला, कधी त्र्यंबकेश्वरहून परतताना आणि एकदा तर ऐन कसारा घाटात. बंद पडताना ती झटके खात नाही, एकदम थांबते. दहा-पंधरा मिनिटांनी काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते आणि गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी चालते. आतापर्यंत प्लग, पेट्रोल फिल्टर आणि पंप बदलून झाले, कार्ब्युरेटरही साफ करून घेतला. एक-दोन वेळा गाडी बंद पडल्यावर डॅशबोर्डवरचे लाल दिवेही लागले नव्हते, असे पत्नीचे म्हणणे आहे. माझे तिकडे लक्ष नव्हते. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हा परिणाम असेल का? दोष घरी कसा शोधता येईल?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य आपल्या पत्नीचे आहे, आणि आजवर झालेला सगळा खर्च त्या वाक्याकडे दुर्लक्ष करून झालेला दिसतो. किल्ली चालू स्थितीत असताना इंजिन थांबले, की ऑइलच्या दाबाचा आणि बॅटरी चार्जिंगचा असे दोन लाल दिवे लागलेच पाहिजेत. सकाळी किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी ते लागतात तसेच. ते लागले नसतील, तर किल्लीच्या स्विचमधून पुढे वीजच जात नव्हती असा त्याचा सरळ अर्थ होतो, आणि तसे असेल तर कार्ब्युरेटर कितीही वेळा साफ केला तरी फरक पडणार नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी. गाडी गिअरमध्ये असताना उताराने घरंगळत असेल, तर चाकांमुळे इंजिन फिरत राहते आणि दिवे लागत नाहीत. म्हणून क्लच दाबून, इंजिन पूर्ण थांबल्यावर दिसते तेच खरे मानावे.

असे दोष महिनोन्‌महिने सापडत नाहीत, याचे मुख्य कारण आपल्या सवयीत आहे. गाडी बंद पडली की हात आपोआप किल्लीकडे जातो, आपण ती मागे घेतो, पुन्हा फिरवतो, सेल्फ मारतो, आणि तेवढ्या हालचालीने स्विचमधला झिजलेला संपर्क जागेवर बसतो किंवा सैल टर्मिनल हलून पुन्हा चिकटते. गाडी चालू झाली म्हणून आपल्याला हायसे वाटते. पण जे पाहायला हवे होते ते तेवढ्यात पुसले गेलेले असते. गॅरेजमध्ये नेलेली गाडी नीट चालत असताना मेकॅनिकपुढेही अंदाजाने सुटे भाग बदलण्यापलीकडे दुसरा मार्ग उरत नाही. त्यामुळे माझा आग्रह एवढाच आहे की पुढच्या वेळी गाडी बंद पडली की किल्लीला हात लावू नये. गाडी घरंगळत कडेला घ्यावी, हँडब्रेक ओढावा, घाटात असाल तर चाकामागे दगड लावावा आणि सोबतच्या मंडळींना रस्त्यापासून दूर उभे करावे. वळणावर किंवा अरुंद जागी गाडी थांबली असेल, तर तपासणी विसरून आधी ती सुरक्षित जागी न्यावी.

जागा सुरक्षित असेल, तर किल्ली आहे त्याच स्थितीत ठेवून क्रमाने पाहावे. प्रथम लाल दिवे. मग रेडिओ आणि वायपर. मग हॉर्न आणि हेडलाइट. बहुतेक जुन्या गाड्यांत हॉर्न आणि हेडलाइटला वीज बॅटरीकडून जवळजवळ थेट मिळते, रेडिओला किल्लीच्या पहिल्या टप्प्यावरून, तर इग्निशन आणि वायपरला दुसऱ्या टप्प्यावरून. यावरून तर्क सोपा होतो. सगळेच मेले असेल, तर बॅटरीचे टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. हॉर्न व हेडलाइट चालू, पण रेडिओसह बाकी सगळे बंद असेल, तर किल्लीच्या स्विचकडे येणारी तार किंवा तिचा जोड संशयित ठरतो. रेडिओ वाजतो आहे, पण लाल दिवे आणि वायपर नाहीत, अशी स्थिती असेल तर स्विचच्या आतला इग्निशनचा संपर्क गेलेला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. आपल्या किल्लीला घराच्या आणि गोदरेजच्या कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकत असेल, तर तो आजच काढून टाकावा. वर्षानुवर्षे त्या वजनाने हिसके बसून स्विच झिजतात.

घाईगडबडीत दिवे पाहायचे राहून जातात, म्हणून त्याहून खात्रीचा एक उपाय सांगतो. इग्निशन कॉइलच्या (प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या गुंडाळीच्या) धन टोकावरून एक बारीक तार काढावी, कॉइलजवळच तिच्यात दोन अँपिअरचा फ्यूज घालावा, ती सायलेन्सरच्या पाइपपासून आणि पंख्यापासून दूर ठेवून आत आणावी आणि डॅशबोर्डवर नजरेसमोर राहील असा बारा व्होल्टचा एक लहान बल्ब तिला जोडून बल्बचे दुसरे टोक बॉडीला अर्थ करावे. किल्ली चालू असेपर्यंत हा बल्ब पेटलेला राहील. गाडी बंद पडली त्याच क्षणी तो विझला किंवा मिणमिणला, तर दोष कॉइलच्या अलीकडे, म्हणजे पुरवठ्याच्या बाजूला आहे. तो लखलखीत पेटलेला असताना गाडी बंद पडली, तर पुरवठा निर्दोष आहे आणि शोध पुढे न्यावा. कॉइलच्या ऋण टोकाला मात्र काहीही जोडू नये. मल्टिमीटर आणण्याआधी हा बल्ब लावावा असे माझे मत आहे, कारण मीटर आपण गाडी उभी करून लावतो आणि हा दोष गाडी चालतानाच दर्शन देतो.

बल्ब विझला, तर स्टिअरिंगच्या खालचे आवरण काढून स्विचचा प्लास्टिकचा जोड पाहावा. एखाद्या पिनेभोवती प्लास्टिक तपकिरी पडलेले किंवा वितळून चपटे झालेले दिसले, तर बहुधा दोष तिथेच आहे. सैल पिनेतून वीज जाताना ती तापते, तापली की तिची पकड आणखी सैल होते आणि शेवटी संपर्क तुटतो. थंड झाली की पुन्हा जुळतो. आपली दहा-पंधरा मिनिटांची विश्रांती यात नेमकी बसते. फ्यूज बाहेर काढून त्याचे पायही पाहावेत, वरून शाबूत दिसणाऱ्या फ्यूजच्या पायांवर हिरवट थर असतो. आणखी एक गोष्ट आवर्जून तपासावी. त्या काळात अनेकांनी चोरीच्या भीतीने सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे छुपा स्विच बसवून घेतला होता, काहींनी अलार्म लावला होता, काहींनी गॅस किट. या प्रत्येकासाठी इग्निशनची तार मध्येच तोडून, पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळलेली असते. मूळ वायरिंगपेक्षा असले जोड मी आधी तपासतो. असा जोड सापडला तर तो सोल्डर करून वर नळी चढवावी, किंवा ते उपकरण वापरात नसल्यास काढूनच टाकावे.

आता बल्ब पेटलेला राहिला असे धरू. मग प्रश्न उरतो पेट्रोलचा की ठिणगीचा, आणि त्याचेही उत्तर रस्त्याच्या कडेलाच मिळते. आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा मोठा फुस्स असा आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच चालू झाली, तर टाकीला हवा मिळण्याची वाट बुजलेली आहे; पेट्रोल संपत जाते तशी आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. मग एअर क्लीनरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पाहावे आणि हाताने अॅक्सिलरेटरचा दांडा झटकन ओढावा. इंजिन बंद असतानाही बारीक नळीतून पेट्रोलची स्पष्ट पिचकारी उडाली पाहिजे. ती उडाली, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे, म्हणजे पंप आणि फिल्टर दोषमुक्त आहेत. काहीच आले नाही, तर पेट्रोल वाटीपर्यंत पोहोचत नाही. या वेळी आसपास विडी-सिगारेट नको आणि कोणी सेल्फही मारू नये.

ठिणगी तपासण्यापूर्वी एअर क्लीनर पुन्हा बसवावा, सांडलेले पेट्रोल पुसावे आणि वास जाऊ द्यावा; उघड्या कार्ब्युरेटरजवळ ठिणगी पाडणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. एका प्लगची जाड वायर काढून तिच्यात जवळचा जादा प्लग बसवावा, त्या प्लगचा धातूचा भाग इंजिनच्या रंग नसलेल्या जागेवर घट्ट टेकेल असा अडकवावा आणि हात पूर्ण बाजूला घेऊन दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. निळसर, कडक आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मरगळलेली किंवा मध्येच गायब होणारी वाईट. ती वायर हवेत लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नये, त्याने कॉइल आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन या दोन्हींना इजा होऊ शकते.

पिचकारी आहे, बल्ब पेटलेला आहे, पण ठिणगी नाही, असे निघाले तर कॉइलवर लगेच शिक्का मारू नये. प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढावे. आत पॉइंट (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) असोत किंवा त्यांचेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक पिकअप, त्यांच्याकडे जाणाऱ्या बारीक तारा एका हलत्या तबकडीवर बसवलेल्या असतात. व्हॅक्यूमच्या डबीमुळे ती तबकडी अॅक्सिलरेटरबरोबर थोडी पुढेमागे फिरते. पंचवीस-तीस वर्षे रोज वाकून त्या तारेतले तांबे आतल्या आत तुटते आणि वरचे आवरण मात्र धडधाकट दिसते. तार चिमटीत धरून हलकेच ताणावी. एखाद्या ठिकाणी ती रबरासारखी लांबली, तर आत तांबे उरलेले नाही. पॉइंट असल्यास त्यांची फट साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असावी, आणि पॉइंट काळे पडून त्यांवर टेकाड आले असेल तर पॉइंटवर उडणारी ठिणगी आवरणारा कंडेन्सरही सोबत बदलावा. तापल्यावर दगा देण्यात कंडेन्सरचा हात कोणी धरणार नाही. कॉइलचा रोध थंडपणी बरोबर भरला म्हणून ती चांगली असे ठरत नाही, गाडी बंद पडलेल्या गरम अवस्थेतच तो मोजावा. तपासणीच्या नादात इंजिन बंद असताना किल्ली फार वेळ चालू ठेवू नये. पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल नुसतीच तापत राहते.

इथेनॉलबद्दल आपण विचारले आहे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर २०२३ पासून येऊ लागले आणि आपली गाडी त्यासाठी बनलेली नाही, हे खरे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडते, आणि कार्ब्युरेटर ते स्वतःहून सुधारू शकत नाही. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतो किंवा तडकतो. टाकीच्या तळाचा गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. पण या सगळ्याची लक्षणे वेगळी असतात. गाडी आधी ओढत नाही, झटके खाते, चोक थोडा ओढला की सुधारते आणि मग थांबते. किल्ली काढून घेतल्यासारखे एकदम बंद पडणे हे इंधनाचे लक्षण सहसा नसते. पाइप जुने असतील तर ते बदलावेतच, पण ते या दुखण्याचे औषध म्हणून नव्हे.

पेट्रोलची वाफ होऊन पंप अडतो, म्हणून पंपावर ओले फडके टाकण्याचा जुना उपाय आपल्याला कोणी ना कोणी सांगितलाच असेल. उपाय म्हणून तो बरा आहे. पुरावा म्हणून कच्चा, कारण फडके भिजवून टाकेपर्यंत बाकी सगळेच थंड होत असते. त्याचा तपासणीसाठी उपयोग करायचाच असेल, तर एका वेळी एकाच भागावर, म्हणजे एकदा फक्त पंपावर आणि पुढच्या वेळी फक्त कॉइलवर, पिळलेले फडके ठेवावे. तापलेल्या इंजिनवर पाणी मात्र ओतू नये.

दोष घाटातच भेटावा अशी वाट पाहण्याची गरज नाही. दुपारच्या उन्हात गाडी अर्धा-पाऊण तास फिरवून घरासमोर उघड्यावर उभी करावी आणि बोनेट लावून इंजिन चालू ठेवावे. मग ते बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा चालू करावे. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि वारा थांबतो आणि बोनेटखालची उष्णता काही वेळ वाढतच जाते, त्यामुळे उष्णतेने होणारे दोष नेमके त्या वेळी डोके वर काढतात. मग बोनेट उघडून, पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर ठेवून, लाकडी काठीने एकेक तार, जोड आणि फ्यूजची पेटी हलवत जावी. इंजिन अडखळले की काठी तिथेच थांबवावी. बंद शेडमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट पार्किंगमध्ये हे करू नये, सायलेन्सरमधून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न : माझी २००६ सालची इंजेक्शनची पेट्रोल गाडी फक्त सिग्नलला, अॅक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर बंद पडते. एसी चालू असेल तर हमखास. स्कॅनर लावला, पण कोणताही कोड आला नाही.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : पाय काढल्यावर हवेचा मुख्य पडदा मिटतो आणि स्लोसाठी (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालू राहण्यासाठी) लागणारी थोडीशी हवा बाजूच्या वाटेने, एका नियंत्रक झडपेतून आत येते. या वाटेत आणि पडद्याच्या कडेला काळा, चिकट थर साचला की हवा अपुरी पडते, आणि एसीच्या कॉम्प्रेसरचा भार आला की इंजिन दम सोडते. थ्रॉटल बॉडी आणि ती झडप थ्रॉटलसाठीच्या क्लीनरने साफ करावी. पडदा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये, आणि साफसफाईनंतर स्लो काही वेळ वर-खाली झाला तर घाबरू नये. त्याबरोबर व्हॅक्यूमचे रबरी पाइप हाताने वाकवून त्यांना भेगा आहेत का ते पाहावे. इंजिन चालू असताना ब्रेक दाबून धरल्यावर स्लो ठळकपणे बिघडत असेल, तर ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारा पाइप किंवा खुद्द बूस्टर हवा खात आहे.

कोड आला नाही याचे आश्चर्य वाटू नये. कंट्रोल युनिटला जो दोष ओळखायला शिकवलेला असतो त्याचाच कोड मिळतो, आणि आपल्याकडे गाड्यांवरची स्वयंनिदान यंत्रणा सक्तीची झाली ती २०१० नंतर. हीच गाडी उद्या भर वेगात बंद पडू लागली, तर डोळे आरपीएमच्या काट्यावर ठेवावेत. गाडी गिअरमध्ये घरंगळते आहे, म्हणजे इंजिन फिरते आहे, तरी काटा झटकन शून्यावर कोसळला, तर क्रँकचा (इंजिनचे फिरणे टिपणारा) सेन्सर किंवा त्याची तार गरम झाल्यावर सुटते आहे असा दाट संशय घ्यावा. काटा इंजिनबरोबर सावकाश उतरत असेल, तर पेट्रोलच्या बाजूने सुरुवात करावी. किल्ली फिरवल्यावर मागच्या सीटखालून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐकू येते की नाही, हे गाडी बंद पडलेली असतानाच ऐकावे. इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो, त्यामुळे पेट्रोलचा काटा नेहमी तळाशी ठेवून गाडी चालवणे त्याला मानवत नाही.

प्रश्न : द्राक्षे नेण्यासाठी वापरात असलेली आमची जुनी डिझेल जीप भार असताना मध्येच मरते. फिल्टरवरच्या हातपंपाने पंप मारल्याशिवाय चालू होत नाही.
— एक वाचक, निफाड

उत्तर : हातपंप मारल्यावर चालू होते, याचा अर्थ डिझेलच्या नळीत हवा शिरते आहे किंवा टाकीकडून डिझेल पुरेसे येत नाही. टाकी ते फिल्टर हा भाग ओढीचा असल्याने तिथल्या बारीक भेगेतून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून गळती दिसत नाही एवढ्यावर विसंबून राहू नये. डिझेलला चालेल अशी पारदर्शक नळी फिल्टरच्या आधी काही दिवस लावावी आणि इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसतात का ते पाहावे. बुडबुडे दिसले तर टाकीच्या दिशेने एकेक क्लिप आणि वॉशर बदलत जावे. बुडबुडे नाहीत, पण प्रवाहच मंदावतो, असे असेल तर टाकीतल्या उचल नळीची जाळी आणि झाकणाचे छिद्र साफ करावे. फिल्टरच्या तळाचा नळ सैल करून काचेच्या बरणीत थोडे डिझेल काढावे. पाणी असेल तर ते खाली वेगळे दिसेल. आपल्या जीपला बंद करण्यासाठी विजेचा सोलेनॉइड असेल, तर त्याची तारही हलवून पाहावी, कारण ती सैल असल्यास डिझेल मध्येच तोडले जाते. मात्र त्या वेळी हातपंप न मारताही, नुसती तार दाबून जीप चालू व्हायला हवी.